टिकाऊ सिगार कटर कसा निवडावा: पाच कटर वापरल्यानंतरचे परीक्षण

नवा सिगार कटर पहिल्याच दिवशी वाईट कापतो असे सहसा होत नाही. खोक्यातून नुकताच काढलेल्या कोणत्याही कटरची पाती लखलखीत असतात, पहिल्या दहावीस सिगारच्या टोप्या तो बिनतक्रार उडवतो आणि म्हणूनच खरेदीनंतर आठवडाभरात लिहिलेले अभिप्राय बहुतेक कौतुकाचेच असतात. खरी परीक्षा सहा-आठ महिन्यांनी सुरू होते. गेल्या नऊ-दहा वर्षांत मी पाच कटर वापरले. त्यांपैकी दोन निकामी झाले, तीन अजून कामात आहेत. जे दोन गेले त्यांतला एकही धार बोथट झाल्यामुळे गेला नाही. पात्यांना धार होती, पण ती पाती धरून ठेवणारी चौकट ढिली झाली होती. म्हणून या परीक्षणात मी पात्यापेक्षा पात्याच्या पकडीबद्दल अधिक लिहिणार आहे. तंबाखू अपायकारक आहे आणि उत्तमातल्या उत्तम कटरने तो अपाय तसूभरही कमी होत नाही, हे गृहीत धरून, जो सिगार ओढणारच आहे त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

कटरकडून नेमके काय हवे असते हे आधी स्पष्ट असलेले बरे. सिगारमध्ये आत भरणाची पाने असतात, त्यांना बांधून ठेवणारे एक मधले पान असते आणि सर्वांत बाहेर रंग व पोत पाहून निवडलेले, गुळगुळीत वरचे पान असते. हे वरचे पान उलगडू नये म्हणून तोंडात धरायच्या टोकाला पानाचीच एक छोटी गोल टोपी वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवलेली असते. कटरने या टोपीचा केवळ माथा उडवायचा असतो. साधारण दोन मिलिमीटर पुरतात. जिथे टोकाची गोलाई संपून सिगारचे सरळ अंग सुरू होते त्या रेषेच्या खाली पाते गेले, तर टोपीची पकड सुटते आणि अर्धी सिगार संपेपर्यंत वरचे पान सालीसारखे उकलू लागते. एवढेसे काम, पण नाजूक. वर अतिशय पातळ, ताणून गुंडाळलेले पान आणि खाली दाबले तर चेपणारा मऊ गाभा, अशी वस्तू न चेपता, न ओढता, एका दमात कापली गेली पाहिजे.

एका पात्याचा गिलोटिन, म्हणजे सरकत्या पात्याने सरळ कापणारा कटर, हे काम अर्धवट करतो. पाते एका बाजूने येते, सिगारला समोरच्या कडेवर रेटते आणि शेवटचा तुकडा कापण्याऐवजी दाबून तोडते. कापलेल्या भागाची एक कड स्वच्छ आणि दुसरी चुरगळलेली दिसली, तर दोष बहुधा या रचनेचा असतो. दोन पात्यांच्या गिलोटिनमध्ये पाती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आत येतात, सिगार मध्यभागी राहते आणि कोणत्याही कडेवर भार पडत नाही. एका पात्याचे कटर सिगारच्या खोक्याबरोबर फुकट मिळतात. ते फुकट मिळतात तेवढेच ठीक. विकत घ्यायचा असेल तर दोन पात्यांचाच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

माझा पहिला कटर दोन पात्यांचाच होता. लायटर आणि कटर अशा जोडीच्या भेटखोक्यातून तो आला होता आणि दिसायला अस्सल धातूचा, हातात जड, वर चकचकीत मुलामा दिलेला असा होता. सातव्या महिन्यात त्याने टोप्या फाडायला सुरुवात केली. मी समजलो की धार गेली, म्हणून पात्याची कड कागदावर घासून पाहिली, तर ती कागद सहज चिरत होती. मग कटर अर्धवट मिटून टेबलावरच्या दिव्यापुढे धरला. एकमेकांवर चढलेल्या दोन पात्यांच्या मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती आणि त्या रेघेत तंबाखूचा एक तपकिरी धागा आडवा अडकलेला होता. पाती बोटाने हलवली तर ती कट्कट् आवाज करत पुढेमागे डुलत होती. नंतर मी तो उघडला तेव्हा कळले की बाहेरचा धातू केवळ पत्रा होता. पाती ज्या खाचेतून सरकत होती ती खाच प्लास्टिकची होती आणि पात्याच्या कडेने ती कुरतडली गेली होती.

सैल कात्री ज्यांनी वापरली आहे त्यांना हे लगेच उमगेल. कात्रीच्या मधला स्क्रू ढिला झाला की दोन्ही पाती धारदार असूनही ती कागद कापत नाही, कागद दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतो. कटरचे अगदी तसेच आहे. कापण्याचे काम एकटी धार करत नाही. दोन पाती एकमेकांना घासून सरकत गेली तरच मधले पान कापले जाते. चांगल्या कटरमध्ये पात्यांच्या सपाट बाजू एकमेकींना लागून असतात आणि उतार बाहेरच्या बाजूला दिलेला असतो. या सपाट बाजूंमध्ये अंतर पडले की पान आधी वाकते, मग ताणले जाते आणि शेवटी फाटते. यंत्राच्या कारखान्यात ज्याला ‘प्ले आला’ म्हणतात, तो हाच प्रकार. स्वतःला धार लावून घेणारी पाती, अशी जाहिरात काही कटरवर असते. पाती एकमेकींना घट्ट लागून सरकत असतील तर त्यांच्यावर चिकटलेला चीक आणि बारीक कचरा प्रत्येक वेळी थोडा खरवडला जातो, इतपत तिच्यात तथ्य आहे. पाती सैल असतील तर तेवढेही नाही.

हा सैलपणा येतो कशाने, हे कळले की निवड निम्मी सोपी होते. पहिले कारण वर सांगितले तेच, मऊ पदार्थाची खाच. दुसरे म्हणजे तंबाखूचा चुरा. तो खाचेत जाऊन बसतो, पानातल्या चिकट द्रवाने घट्ट होतो आणि प्रत्येक वेळी पाते सरकले की कानशीसारखा खाच घासत राहतो. तिसरे कारण आपल्या बोटांचे आहे. बाहेर दोन कड्या असलेल्या कटरमध्ये अंगठा आणि मधले बोट अगदी समोरासमोर आले नाहीत तर जोर तिरका लागतो, आणि तो तिरका जोर दरवेळी पात्याला खाचेच्या एकाच भिंतीवर रेटतो. माझा दुसरा कटर असाच गेला. त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव होते, खाचही धातूची होती, पण बोटाच्या कड्या इतक्या लहान होत्या की माझे बोट पहिल्या पेरापर्यंतच जात असे आणि जोर नेहमी टोकावर येत असे. दोन वर्षांनी तो फरशीवर पडला आणि एक कडी मुळातून तुटली. ओतीव जस्त वाकत नाही, तुटते. पोलादाची किंवा अखंड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली चौकट अशा पडण्यातून पोचा घेऊन का होईना वाचते. आकाराने सारख्याच दोन वस्तू हातात घेतल्यावर जड असेल तीच मजबूत, असे आपण धरून चालतो; कटरच्या बाबतीत हा हिशेब फसवतो, कारण जस्त भरपूर जड असते.

पोलादाबद्दल विक्रेते सर्वांत जास्त बोलतात, म्हणून त्याविषयीही लिहायला हवे. पात्यावर किंवा खोक्यावर नुसते ‘४४०’ असे लिहिलेले असेल तर त्यावरून फारसे काही कळत नाही. ४४० या न गंजणाऱ्या पोलादाच्या मालिकेत तीन प्रती आहेत: ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०बी मध्ये ०.७५ ते ०.९५ टक्के आणि ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के असतो. क्रोमियम तिन्हींत १६ ते १८ टक्के. कार्बन वाढला की पोलाद नीट पाणी दिल्यावर अधिक कठीण होते आणि धार अधिक काळ टिकते, तर क्रोमियम गंज रोखतो. म्हणून ४४०सी हे कटरच्या पात्यासाठी उत्तम पोलाद मानले जाते. पण ‘नीट पाणी दिल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तापवून थंड करण्याची प्रक्रिया चुकली तर महागडे पोलादही लोण्यासारखे राहते किंवा काचेसारखे ठिसूळ होते, आणि ते पाहून ओळखण्याचा उपाय ग्राहकाकडे नाही. कंपनीने कठीणपणाचा रॉकवेल सी मापनातला आकडा छापला असेल, तर तिने निदान तो मोजण्याची तसदी घेतली आहे असे मी समजतो. चांगल्या पात्यांसाठी हा आकडा पन्नाशीच्या वरच्या निम्म्यात असतो. ४२० जातीचे पोलाद याहून मऊ असते, त्याची धार लवकर उतरते, पण अधूनमधून वापर असणाऱ्याला ते वर्षानुवर्षे पुरते. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव मात्र कोणत्याही एका ठराविक पोलादाचे नाही. ते वाचून प्रभावित होण्याचे कारण नाही. काळा किंवा सोनेरी मुलामाही तसाच. त्याने पृष्ठभागाला गंज आणि ओरखड्यांपासून थोडे संरक्षण मिळते, परंतु धारेच्या मूळच्या गुणात त्याने फरक पडत नाही.

आता मापाकडे. सिगारची जाडी रिंग गेज या एककात सांगतात आणि एक रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. म्हणजे ६४ गेजची सिगार बरोबर एक इंच, अर्थात २५.४ मिलिमीटर जाड. सिगारच्या ठरलेल्या आकारांना नावे असतात: ५० गेजची रोबुस्टो १९.८ मिलिमीटर भरते, ४२ गेजची कोरोना १६.७ मिलिमीटर आणि ६० गेजची गोर्दो २३.८ मिलिमीटर. कटरच्या भोकाचा व्यास तुम्ही ओढता त्या सर्वांत जाड सिगारपेक्षा मिलिमीटरभर तरी मोठा असायला हवा. पूर्वी ५२-५४ गेजपर्यंतचे भोक पुष्कळ समजले जाई. जाड सिगारची आवड वाढल्यापासून ६० गेजचे कटर सर्रास मिळतात. मात्र केवळ पुढे कधीतरी लागेल म्हणून मोठ्यात मोठे भोक घेऊ नये. भोक मोठे की पात्याचा प्रवास लांब, प्रवास लांब की पाते वाटेत डुलण्याची संधी जास्त आणि बारीक सिगार नेमकी मध्यभागी धरणेही अवघड. ३८ गेजची लान्सेरो ६० गेजच्या भोकात धरून पाहिली की हे पटते. ती विहिरीत सोडलेल्या दोरीसारखी हलते. वरचा भाग निमुळता असलेल्या टॉर्पिडोसारख्या सिगारींना तर माप फारसे महत्त्वाचे नाही, तिथे पात्याची सरळ चाल महत्त्वाची, कारण निमुळत्या टोकावर थोडे वर किंवा खाली कापल्याने ओढीत बराच फरक पडतो.

मागची बाजू बंद असलेल्या कटरबद्दल मी आधी साशंक होतो. त्यांत सिगार भोकात घातली की तिचे टोक मागच्या पत्र्याला टेकते आणि पाती आपोआप दीड-दोन मिलिमीटरवरच पडतात. शिकाऊ माणसाची कुबडी, असे मला वाटत असे. पण मंद उजेडात किंवा बोलता बोलता कापणाऱ्यांना याने खरोखर फायदा होतो आणि टोपीच्या खाली कापले जाण्याचा धोका जवळजवळ संपतो. तोटा एवढाच की टॉर्पिडोचे टोक त्याने पुरेसे कापले जात नाही, आणि बंद पाठीमागे चुरा साठतो.

व्ही आकाराचे कटर ही वेगळी जात आहे. यात पाते मधोमध दुमडलेले असते आणि ते टोपीवर पाचरीच्या आकाराची खाच पाडते. टोपीचा बाकीचा भाग शाबूत राहतो, त्यामुळे तोंडात चुरा कमी येतो आणि धुराला मार्ग अरुंद पण खोल मिळतो. मला स्वतःला ५० गेजच्या आसपासच्या सिगारींसाठी हा काप सर्वांत आवडतो. पण टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहिले तर व्हीमध्ये फसगत अधिक होते. सरळ पात्याची धार उतरली तर जाणकार माणूस ती परत लावू शकतो. दुमडलेल्या पात्याच्या आतल्या कोनात दगड पोहोचतच नाही. म्हणजे धार गेली की कटर गेला. शिवाय स्वस्त व्ही कटरमध्ये दुमड नेमकी मध्यावर नसते आणि खाच एका अंगाला कलते. १९२८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या कोलिब्रीचा व्ही-कट हा या प्रकारातला मला भरवशाचा वाटलेला कटर आहे. जुन्या पद्धतीच्या व्ही कटरपेक्षा तो खाच खोल पाडतो आणि ६० गेजपर्यंतच्या सिगारी घेतो. माझ्याकडे तो चौथ्या वर्षात आहे आणि खाचेच्या कडा अजून स्वच्छ येतात. त्याला टॉर्पिडो मात्र मी दाखवत नाही. निमुळत्या टोकावर व्ही कापणे म्हणजे टोक चिरून ठेवणे.

पंच म्हणजे धारदार कडेची छोटी नळी, जी टोपीत फिरवून सात ते दहा मिलिमीटरचे गोल भोक पाडते. टिकाऊपणाचाच विचार केला तर पंचला तोड नाही, कारण त्यात सैल पडण्यासारखे काही नसतेच. पण बारीक सिगारींना आणि निमुळत्या टोकांना तो चालत नाही, आणि लहान भोकापाशी चीक साठून शेवटचा तिसरा हिस्सा कडवट लागतो. घ्यायचाच झाला तर आतला तंबाखूचा गोळा बाहेर ढकलण्याची सोय असलेला घ्यावा, नाहीतर तो टाचणीने उकरत बसावे लागते.

कात्री हा सर्वांत देखणा प्रकार, आणि तो नीट वापरायला हात बसावा लागतो. तिचा सगळा जीव मधल्या सांध्यात असतो. जर्मनीतील झोलिंगेन हे शहर पात्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच्या नावाचा वापर १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे, म्हणून पात्यावर ते नाव खरेपणाने कोरलेले असेल तर वस्तू त्याच भागात घडलेली असते. मी वापरलेली कात्री माझी नव्हती, मित्राची होती. काप उत्कृष्ट येत होता, पण ती खिशात ठेवण्याची वस्तू नाही. घरच्या टेबलासाठी घ्यायची असेल तर तिच्या सांध्यात रिव्हेट नसून कसता येणारा स्क्रू आहे ना, एवढे पाहावे.

माझा रोजचा कटर गेली सहा वर्षे झायकारचा एक्सआय-१ आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने कटरचे रूपच बदलून टाकले. त्याला बाहेर बोटाच्या कड्या नाहीत. मिटलेला कटर पाण्याच्या थेंबासारखा लांबट गोल दिसतो. मधली खिटी दाबली की स्प्रिंगने दोन्ही पंख बाजूला उघडतात आणि तळहाताच्या पकडीत ते मिटले की काप होतो. या रचनेचा खरा लाभ दिसण्यात नाही. बोटांची टोके जोर लावत नाहीत, सगळी मूठ लावते, त्यामुळे जोर पात्यांच्या रेषेत जातो आणि वर सांगितलेला तिरका ताण पडत नाही. माझ्या दुसऱ्या कटरचे मूळ दुखणे हेच होते. मिटलेल्या अवस्थेत तो खिटीने बंद राहतो, म्हणजे खिशात उघडून बोट कापण्याची किंवा किल्ल्यांवर धार आपटण्याची भीती नाही. आजही तो दिव्यापुढे धरला तर पात्यांमध्ये उजेड दिसत नाही. स्प्रिंगच्या कोणत्याही कटरमध्ये आतले भाग अधिक असतात आणि चुरा शिरायला जागाही अधिक असते, हे मात्र लक्षात ठेवावे. स्वच्छतेचा कंटाळा असणाऱ्याने साधा, कड्यांचा, अखंड धातूचा कटर घेतलेला बरा. कड्यांचाच घ्यायचा तर त्या इतक्या मोठ्या असाव्यात की बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत जाईल.

दुकानात कटर हातात आल्यावर मी जे करतो ते पाहून विक्रेते कधीकधी वैतागतात, पण त्याला दोन मिनिटे लागतात. आधी मिटलेला कटर कानाजवळ नेऊन हलवायचा. खुळखुळ वाजला तर परत ठेवायचा, मग तो कोणत्याही नावाचा असो. मग अगदी सावकाश उघडायचा आणि सावकाश मिटायचा. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी हवी, मध्येच अडखळून पुढे निसटणारे पाते खाचेत नीट बसलेले नसते. तिसऱ्या वेळी पाती अर्ध्यावर थांबवून उजेडाकडे धरायची आणि दोन्ही पाती एकमेकांवर चढतात तिथे बाजूने पाहायचे. तशाच अवस्थेत एखाद्या काडीने पात्याचा सपाट भाग हलकेच बाजूला ढकलायचा. बोटाने मुळीच नाही, कारण नव्या पात्याला बोट आणि सिगार यांतला फरक कळत नाही. काडीच्या ढकलण्याने पाते हलताना दिसले तर सहा महिन्यांनी ते किती हलेल याचा अंदाज येतो. शेवटी पातळ कागदाची पट्टी भोकाच्या मध्यावर आणि मग दोन्ही कडांना धरून कापायची. मध्यभागी सगळेच कापतात. कडेला कागद दुमडला तर कटर नाकारावा. घरपोच मागवलेल्या कटरवरही हे सर्व पहिल्याच दिवशी करावे, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

हमीविषयी मला एकदा चांगलाच धडा मिळाला. माझ्या दुसऱ्या कटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत आजीवन हमी होती. कडी तुटल्यावर मी कंपनीला लिहिले, तेव्हा कळले की खरेदीनंतर तीस दिवसांत नोंदणी केली असेल तरच ती लागू होते, पडल्यामुळे झालेले नुकसान तीत बसत नाही आणि ‘आजीवन’ म्हणजे माझे नव्हे, तर ‘वस्तूचे अपेक्षित आयुष्य’ अशी व्याख्या आतल्या पत्रकात बारीक टाइपात आहे. कटरचे अपेक्षित आयुष्य किती, ते कुठेही लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मी हमीचा ठळक शब्द न वाचता तीन गोष्टी वाचतो: पात्याची धार हमीत येते का, वस्तू पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि पावती किती काळ जपावी लागते. झायकारने आपले नाव बऱ्याच अंशी आजीवन हमीच्या जोरावर कमावले आहे, पण तिथेही खरेदीच्या वेळी चालू असलेल्या अटी वाचूनच घ्यावे.

कटरला दोष देण्याआधी सिगारही पाहावी, हे न सांगता राहवत नाही. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवलेल्या सिगारची टोपी किंचित लवचीक असते आणि पात्याखाली सुबक कापली जाते. तीच सिगार आठवडाभर उघड्यावर कोरडी पडली की टोपी अंड्याच्या टरफलासारखी तडकते, आणि मग जगातला कुठलाही कटर तिला वाचवू शकत नाही. कापण्याची पद्धतही तशीच. सिगार पात्यांवर अलगद टेकवून जागा निश्चित करायची आणि मग एका झटक्यात मिटायचे. हळूहळू दाबत नेले तर उत्तम पातीही पान ढकलतात. कटर सिगारच्या दमट पेटीतच ठेवण्याची सवय काही जणांना असते, ती सोडावी. क्रोमियम गंज लांबवतो, पण सततच्या दमटपणात खाचेतले स्क्रू आणि स्प्रिंग आधी गंजतात.

देखभाल म्हणावी अशी फारशी नाही, पण जी आहे ती टाळली तर वरचे सगळे हिशेब चुकतात. प्रत्येक वापरानंतर कोरड्या कापडाने पाती पुसावीत आणि चुरा फुंकरीने किंवा मऊ ब्रशने उडवावा. पात्यांवर तपकिरी चिकट थर दिसू लागला की कापसाच्या बोळ्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो उतरवावा आणि पाते पूर्ण कोरडे होऊ द्यावे. बोथट वाटणारे निम्मे कटर या एका पुसण्याने पूर्ववत कापू लागतात, असा माझा अनुभव आहे. तेल लावायचेच तर खाण्याच्या वस्तूंना लागले तरी चालेल असे, वास नसलेले खनिज तेल, आणि तेही सांध्यापुरता एक थेंब. यंत्रांवर फवारायचे तेल कधीही नाही, कारण त्याचा वास पुढच्या चार सिगारींना येतो. अॅल्युमिनियमची पातळ चकती कापून धार येते असे पुष्कळ जण सांगतात. त्याने कडेला चिकटलेला कचरा आणि एखादी बारीक मुडपलेली कड सरळ होत असेल, पण खरोखर बोथट झालेली धार त्याने येत नाही. मी पहिल्या कटरवर ते वीसेक वेळा केले होते आणि वीसेक चकत्या वाया घालवल्या. धार गेली आहे की पाते सैल झाले आहे हे तेव्हा मला ओळखता येत नव्हते. तो कटर अजून माझ्या खणात आहे. नवा कटर घेताना मी तो बरोबर नेतो, नव्याशेजारी उजेडाकडे धरतो आणि दोन्हींच्या पात्यांमधल्या रेघा ताडून पाहतो.